रकान्याला नाव द्या!

आपल्याकडे माणूस जन्माला आला की आधी रडतो, आणि लगोलग त्याच्या नावाचा अर्ज भरला जातो. पुढे शाळा, शिष्यवृत्ती, पीकविमा, सातबारा, पेन्शन अशा अर्जांच्या पायवाटेनेच त्याचा संसार चालतो. आणि शेवटचा दाखलासुद्धा अर्जावाचून मिळत नाही. तेव्हा ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा हाती घेऊन बसलेल्या वाचकांपुढे मी अर्जाचे पुराण लावले तर त्यांनी रागावू नये. पुराण लहान आहे. त्यातली व्यथा मात्र लहान नाही.

पूर्वी तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस बसत. लिहिता न येणारा शेतकरी त्यांच्यापुढे उकिडवा बसे आणि घरचे कर्ज, भावाभावांतली वाटणी, सारे चारचौघांत सांगे. पुढे अक्षर आले आणि माणूस आपला अर्ज आपण लिहू लागला. आता अर्ज संगणकावर गेला आहे. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. २०२४ साली लाडकी बहीण योजनेने घरोघरच्या माउल्यांना मोबाइलवरच्या अर्जाची ओळख करून दिली. २०२५ साली अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला, आणि त्याच वर्षी हमीभावाने कापूस विकणाऱ्यांसाठी ‘कपास किसान’ नावाचे ॲप आले. घाटावरचा असो की घाटाखालचा, बुलढाणा जिल्ह्यातला कोणीही आता फॉर्मच्या तावडीतून सुटत नाही.

मग ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याने काय करावयाचे? २०११ च्या शिरगणतीत अशी सुमारे ५० लाख माणसे देशात नोंदली गेली.

“अंध माणसे संगणक वापरतात?” असे विचारणारे सद्गृहस्थ मला अजून भेटतात. वापरतात महाराज! स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियात मायकेल करन ह्या अंध तरुणाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ नावाचा असा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याच्या जोडीस आला. तो प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो. स्मार्टफोनमध्ये तर असा वाचक बहुधा आधीच बसवलेला असतो. आपण तो चालू करीत नाही इतकेच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील अशा वाचकाच्या मदतीने अभ्यास करून २०१७ साली लागलेल्या निकालात केंद्रीय लोकसेवा परीक्षेत १२४ व्या आल्या.

हा वाचक फॉर्मपुढे कसा वागतो, ते एस.टी.च्या दाखल्याने सांगतो. मलकापूरहून बुलढाण्यास रात्री येणाऱ्या गाडीत तुम्ही बसला आहात. बाहेर अंधार. कंडक्टर “मोताळा!” “राजूर!” अशी हाळी देतो आणि तुम्हांला कळते, आपण कोठे आहोत. स्क्रीन रीडर हा तसला कंडक्टर आहे. ‘टॅब’ची कळ दाबली की गाडी पुढच्या रकान्यावर थांबते आणि तो रकान्याचे नाव पुकारतो: “आडनाव”, “जन्मतारीख”, “पिन कोड”. परंतु फॉर्म करणाऱ्याने ‘आडनाव’ हा शब्द नुसता चौकटीशेजारी छापला असेल, चौकटीला आतून जोडला नसेल, तर कंडक्टर म्हणतो, “चौकट, रिकामी.” पुढचा थांबा? “चौकट, रिकामी.” त्यापुढचा? तेच! उतरावयाचे कोठे?

आणखी एक मौज आहे. प्रोग्रॅम जसा मिळतो तशा मूळ सेटिंगमध्ये त्याच्या दोन चाली असतात. एका चालीत तो पान ओळीओळीने वाचतो. रकान्यात शिरला की एक बारीक आवाज करून तो दुसऱ्या, लिहिण्याच्या चालीत जातो. ह्या चालीत टॅबने एका रकान्यातून थेट दुसऱ्या रकान्यात उडी पडते; मधली मोकळी ओळ वगळली जाते. ती ओळ म्हणजे “फोटो ५० केबीपेक्षा मोठा नसावा” अशी ताकीद असली, तरी ती कानावर पडत नाही. ती रकान्याला जोडली असेल तरच वाचली जाते.

“मग सेटिंग बदला की!” असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याने आपल्या मोबाइलची किती सेटिंगे बदलली आहेत, हे त्यालाच विचारावे. बहुतेक माणसे यंत्र जसे आले तसे वापरतात. शिवाय सेटिंगने आवाज मोठा होईल, वेग कमी होईल, विरामचिन्हे अधिक वाचली जातील. पण कंडक्टरला गावाचे नावच दिलेले नसेल, तर तो कितीही मोठ्याने ओरडला तरी ओरडेल काय? काही वाचक शेजारचा शब्द पाहून अंदाज बांधतात. अंदाज चुकला की वडिलांचे नाव गावाच्या रकान्यात जाते. दोष प्रवाशाचा नाही, कंडक्टरचाही नाही. पाटी न लावणाऱ्याचा आहे.

मराठीची कथा आणखी निराळी. पानाच्या पोटात त्याची भाषा लिहून ठेवावयाची असते. मराठी पानावर ‘इंग्रजी’ असे लिहिले की वाचक इंग्रजी आवाज उचलतो आणि मराठीची दैना होते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली सूचना डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते. यंत्राला मात्र तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा! आणि शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणारा तो कॅप्चा. “तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा,” असे तो म्हणतो, आणि सिद्ध करण्याचा मार्ग एकच ठेवतो, डोळ्यांचा.

मेहकर तालुक्यातील एक अंध पदवीधर माझ्या परिचयाचा आहे. नोकरीचा फॉर्म त्याने तीनदा भरला. तिन्ही वेळा तो परत आला. चूक लाल रंगात दाखविली होती, आणि लाल रंग कानांना ऐकू येत नाही. शेवटच्या दिवशी तो एका केंद्रावर गेला आणि तेथल्या मुलाकडून फॉर्म भरून घेतला. मी म्हटले, “काम तर झाले ना?” तो म्हणाला, “फॉर्म तं भरून भेटते काका. पण माहा पासवर्ड त्याले माहीत, खात्याचा नंबर माहीत, ओटीपी बी त्यालेच सांगा लागला. मंग माह्याजवळ माहं काय राह्यलं?”

ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. झाडाखालच्या अर्जनविसापासून सुटलेला माणूस पुन्हा तेथेच येऊन बसला होता. आणि हा तर शिकलेला!

कायदा मुका नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की, सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या अर्जांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे ठरवून न्यायालयाने २० आदेश दिले. बँकेची ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवा, असे ज्यांना दिसत नाही त्यांना आणि ॲसिडने ज्यांचे डोळे जळाले त्यांनाही सांगितले जात होते!

आणि उपाय? रकान्याला नाव जोडण्याची सोय एचटीएमएलच्या १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तीतच आहे. त्याला पैसा लागत नाही. रकान्यामागे एक ओळ लागते.

वाचक भगिनींनो, भाऊबीजेला पुण्याचा संगणकवाला भाऊ घरी येईल. ओवाळणीत साडी घ्याच, पण आणखी एक गोष्ट मागा. त्याने केलेला एखादा फॉर्म उघडावयास सांगा. माउस बाजूला ठेवा, स्क्रीन रीडर आला तसाच चालू करा, सेटिंग बदलू देऊ नका, आणि पडदा झाका. त्याला स्वतःचे नाव, गाव आणि जन्मतारीख भरता आली, तर त्याला खुशाल आणखी दोन करंज्या वाढा. नाही आली, तर सुट्टी संपण्यापूर्वी तेवढे रकाने दुरुस्त करून घ्या. मेहकरच्या त्या मुलाची पुढल्या फॉर्मची मुदत काही दिवाळीसाठी थांबणार नाही.