विश्लेषण : क्रूझवर कॉकटेल शिकवण्याचे वर्ग कशासाठी? त्यामागे जहाज कंपन्यांचे अर्थकारण काय?

भर समुद्रात, दुपारची वेळ. आज कोणतेही बंदर लागणार नाही. एरवी संध्याकाळी गजबजणारा बार आता एखाद्या प्रयोगशाळेसारखा मांडलेला असतो. प्रत्येकासमोर शेकर, मापाची वाटी, लिंबाच्या फोडी, पुदिना आणि बर्फ. समोर उभा असलेला बारटेंडर सांगेल तसे प्रवासी मोजतात, ठेचतात, हलवतात आणि शेवटी स्वतः बनवलेले पितात. कॉकटेल बनवण्याचे असे वर्ग आता बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत दिसतात. वरवर हा निव्वळ विरंगुळा वाटतो. मात्र तिकिटापेक्षा जहाजावरच्या खर्चातून नफा कमावण्याची या उद्योगाची पद्धत त्यातून नीट समजते. मुंबई आणि गोव्यातून क्रूझ पर्यटन वाढवण्याचे प्रयत्न सुरू असताना ती समजून घेणे गरजेचे आहे.

या वर्गात नेमके काय होते?

वर्ग साधारण पाऊण ते एक तासाचा असतो. १० ते २० प्रवाशांचा गट आणि तीन ते पाच पेये असे त्याचे स्वरूप असते. कंपनी आणि जहाजानुसार शुल्क बदलते. ते साधारणपणे माणशी २५ ते ५० डॉलरच्या आसपास असते. दिवसाचे पैसे आधीच भरून ‘अमर्याद’ पेयांचे पॅकेज घेतले असले, तरी अनेक जहाजांवर वर्गाचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

शिकवले जाते ते प्राथमिक, पण उपयोगी. लिंबाचा किंवा अन्य फळांचा रस असेल तर मिश्रण शेकरमध्ये जोरात हलवायचे आणि केवळ मद्यांचेच मिश्रण असेल तर बर्फासह चमच्याने ढवळायचे, हा पहिला धडा. पुदिना फार ठेचला तर कडू होतो, हा दुसरा. आंबट, गोड आणि मद्य यांचे प्रमाण सांभाळणे हा तिसरा. मोहितो, मार्गारिटा, डायकिरी, मार्टिनी ही नावे बहुतेक वर्गांत असतातच. कार्निव्हल या कंपनीच्या ‘अल्केमी बार’मध्ये बारटेंडर पांढरा प्रयोगशाळेचा कोट घालून उभे राहतात. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये ‘क्वांटम ऑफ द सीज’ या जहाजावर तर चक्क पेये बनवणारे यंत्रमानवी हात बसवले. पेय जसे विकायचे, तसा ते बनवण्याचा देखावाही विकायचा, हे दोन्हींमागचे सूत्र एकच.

पैसे घेऊन शिकवण्यात कंपनीचा फायदा काय?

क्रूझ कंपन्यांच्या ताळेबंदात उत्पन्नाचे दोन मोठे रकाने असतात. एक तिकीटविक्रीचा आणि दुसरा ‘जहाजावरील व इतर’ उत्पन्नाचा. बारमधील पेये, कॅसिनो, स्पा, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, दुकाने हे सारे दुसऱ्या रकान्यात येते. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे २०२४ मधील एकूण उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होते. त्यातील साडेआठ अब्जांच्या आसपास वाटा या दुसऱ्या रकान्याचा होता. रॉयल कॅरिबियन समूहाच्या सुमारे साडेसोळा अब्ज डॉलरपैकी साधारण पाच अब्ज डॉलर याच मार्गाने आले. म्हणजे दर तीन रुपयांतला जवळपास एक रुपया प्रवासी जहाजावर चढल्यानंतर खर्च करतो.

यामुळेच तिकीट स्वस्त ठेवूनही जहाज भरणे परवडते. खोली रिकामी गेली तर तिकीट बुडतेच, शिवाय त्या खोलीतल्या प्रवाशाने आठवडाभर केला असता तो खर्चही बुडतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात तिकिटे उतरतात, बारमधील दर मात्र उतरत नाहीत.

वर्गाचे महत्त्व इथे येते. दुपारी दोन-तीन वाजता बार रिकामा असतो, पण त्याची जागा, बर्फ आणि बारटेंडर यांचा खर्च चालूच असतो. बंदर नसलेल्या दिवशी हजारो प्रवाशांना काही ना काही उद्योग हवा असतो. वर्गामुळे रिकाम्या तासाचे पैसे होतात. एरवी बिअरपुरता थांबणारा प्रवासी महागड्या पेयांची नावे शिकतो आणि संध्याकाळी तीच मागवतो. बारटेंडरशी ओळख झाल्याने तो त्याच बारकडे परत येतो. शुल्कातून मिळणाऱ्या पैशापेक्षा ही सवय कंपनीला अधिक मोलाची.

पॅकेजचे गणितही तसेच असते. दिवसाला साधारण ६० ते १०० डॉलर आणि त्यावर १८ ते २० टक्के सेवा शुल्क. एका खोलीतील एकाने ते घेतले तर दुसऱ्या प्रौढ प्रवाशानेही घ्यावे, अशी अट अनेक कंपन्या घालतात. बाहेरून मद्य आणण्यावर बंधने असतात. बंदरावर विकत घेतलेली बाटली प्रवास संपेपर्यंत जहाजाच्या ताब्यात राहते. ग्राहक जहाजाबाहेर जाऊ शकत नाही आणि स्पर्धक आत येऊ शकत नाही, अशी ही बाजारपेठ आहे.

समुद्र आणि मिश्र पेये यांचे नाते किती जुने?

हे नाते क्रूझपेक्षा कितीतरी जुने आहे आणि त्याचा एक धागा पश्चिम भारताशी जोडलेला आहे. ‘पंच’ हे पेय १७ व्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांबरोबर युरोपात पोहोचले. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला या पाच जिनसांवरून, म्हणजे ‘पाच’ या आपल्या शब्दावरून त्याचे नाव पडले असे मानले जाते. शिवकाळात मुंबई, सुरत, जुन्नर भागात वावरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने आपल्या प्रवासवर्णनात हीच व्युत्पत्ती दिली आहे.

ब्रिटिश आरमारात १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन यांनी खलाशांना मिळणारी रम पाणी घालून देण्याचा आदेश काढला. त्यातून ‘ग्रॉग’ जन्माला आले. स्कर्व्ही टाळण्यासाठी लिंबाचा रस आला आणि तोही पेल्यात मिसळला. रमचा रोजचा शिधा ब्रिटिश आरमाराने थेट ३१ जुलै १९७० रोजी बंद केला.

आजच्या क्रूझला मात्र खरी चालना मिळाली ती अमेरिकेतील दारूबंदीमुळे. १९२० ते १९३३ या काळात तिथे मद्यविक्रीवर बंदी होती. अमेरिकेच्या सागरी हद्दीत परदेशी जहाजांनाही मद्य आणता येणार नाही, मात्र हद्दीबाहेर अमेरिकी जहाजांवर ही बंदी लागू नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल १९२३ रोजी दिला. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी करार होऊन ब्रिटिश जहाजांना मोहोरबंद साठा घेऊन बंदरात येण्याची मुभा मिळाली. हद्द ओलांडली की मोहोर तुटायची. कुठेही न जाता समुद्रात फेरी मारून परतणाऱ्या सफरी लोकप्रिय झाल्या. प्रवास हे निमित्त आणि बार हे कारण, असा हा व्यवसाय त्या काळात उभा राहिला.

जहाजावर कायदा कोणाचा चालतो?

जहाज ज्या देशात नोंदवलेले असते, त्या देशाचा. बड्या क्रूझ कंपन्यांची कार्यालये अमेरिकेत असली, तरी त्यांची बहुतेक जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाच्या ध्वजाखाली चालतात. जहाज बंदरात किंवा एखाद्या देशाच्या सागरी हद्दीत असेल, तर तिथले कर आणि नियमही लागू होऊ शकतात. म्हणूनच तोच पेला काही बंदरांत उभ्या जहाजावर थोडा महाग पडतो.

वयाची अटही मार्गानुसार बदलते. अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींवर मद्यासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, तर युरोप किंवा ऑस्ट्रेलियातून निघणाऱ्या अनेक सफरींवर १८ वर्षे पुरतात. आपल्याकडे हा फरक दोन शेजारी राज्यांतच दिसतो. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी किमान वय २५ आहे, गोव्यात १८. भारताची सागरी हद्द १९७६ च्या कायद्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. मुंबईहून निघून गोव्याला पोहोचणाऱ्या फेरीवर हाच फरक व्यवहाराचा प्रश्न बनतो.

शिकवणारे कोण असतात?

क्रूझच्या बारमागे उभ्या असलेल्यांत फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातील तरुण मोठ्या संख्येने दिसतात. भारतीयांमध्ये गोवा, मुंबई आणि कोकणपट्टीचा वाटा जुना आहे. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात आणि कित्येक गावांतली घरे त्या पगारावर उभी राहिली आहेत. हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण आणि नोंदणीची कागदपत्रे झाली की सहा ते नऊ महिन्यांचा करार मिळतो.

या नोकरीत मूळ पगाराइतकेच महत्त्व टिप आणि सेवा शुल्कातील वाट्याला असते. वर्ग घेणारा बारटेंडर बहुधा त्याच संध्याकाळी बारही सांभाळतो. २०१३ पासून लागू असलेल्या आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार, कामाच्या तासांची मर्यादा ठरवली असेल तर ती २४ तासांत १४ आणि आठवड्यात ७२ तासांपेक्षा जास्त असू शकत नाही. किमान विश्रांती ठरवली असेल तर ती दिवसाला १० आणि आठवड्याला ७७ तास असते. किनाऱ्यावरच्या आठ तासांच्या पाळीशी तुलना केली तर हा करारही किती सैल आहे, हे लक्षात येते. शिवाय आठवड्याची सुटी नावालाही नसते. प्रवाशाला तासाभराची मौज वाटते, ती त्या दिवशीच्या बाराव्या किंवा तेराव्या तासाला उभ्या असलेल्या माणसाची मेहनत असू शकते.

आरोग्य आणि सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर?

अमेरिकेत एक ‘प्रमाणित पेय’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४० टक्के तीव्रतेच्या ६० मिलिलिटर मद्यात सुमारे १९ ग्रॅम अल्कोहोल असते. वर्गात अशी चार पूर्ण पेये तासाभरात प्यायली तर सुमारे ७६ ग्रॅम, म्हणजे पाचपेक्षा अधिक प्रमाणित पेये होतात. तेथील आरोग्य यंत्रणा दोनेक तासांत स्त्रियांसाठी चार आणि पुरुषांसाठी पाच पेयांना ‘अतिमद्यपान’ म्हणतात. पेल्यात निम्मेच मद्य घातले तर हिशेब तीनच्या आत राहतो. म्हणजे माप ३० मिलिलिटरचे की ६० चे, यावर वर्ग विरंगुळा ठरतो की धोका, हे अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, अशी भूमिका जाहीर केली आहे.

जहाजावर धोका वाढतो, कारण रस्त्याने घरी जायचे नसल्याने ‘आता पुरे’ म्हणण्याचे एक कारण कमी होते. काही कंपन्यांनी मर्यादा घातल्या आहेत. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये २४ तासांत १५ मद्यपेयांपुढे मनाई आहे. ही मर्यादा किती उदार आहे, हे वरच्या हिशेबावरून कळते. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ सुरक्षेचा स्वतंत्र कायदा करून कठड्यांची उंची किमान ४२ इंच ठेवणे आणि गंभीर गुन्ह्यांची माहिती देणे बंधनकारक केले. या कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत लैंगिक अत्याचारांची संख्या सर्वाधिक असते. झिंगलेल्या प्रवाशाला मद्य देत राहिल्यास कंपनीवर दावा करता येतो, असे फ्लोरिडातील अपील न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरीकडे मद्यविरहित पेयांचे पॅकेजही आता मिळते. कॉकटेलची तंत्रे मद्याविनाही शिकवता येतात. कोकम, आवळा, आले, कैरी यांनी समृद्ध असलेल्या आपल्या किनाऱ्यावर तर त्यासाठी कच्च्या मालाची वानवा नाही.

मुंबई-गोव्यासाठी यात धडा काय?

‘क्लिया’ या क्रूझ कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन कोटी प्रवाशांनी समुद्री क्रूझचा प्रवास केला. करोनापूर्वी, २०१९ मध्ये ही संख्या तीन कोटींच्या आत होती. या वाढीत वाटा मिळवण्यासाठी केंद्राने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे लक्ष्य ठेवले. मुंबईतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. २०१८ मध्ये ‘आंग्रीया’, २०१९ मध्ये ‘जलेश’ आणि २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ असे देशी क्रूझचे प्रयत्न मुंबईने पाहिले आहेत. यातील ‘जलेश’ला करोनाच्या फटक्यानंतर २०२० मध्येच गाशा गुंडाळावा लागला.

प्रवासी वाढवताना प्रश्न असा, की त्यांचा पैसा जिरतो कुठे? बार, कॅसिनो आणि वर्ग यांतला खर्च जहाजावरच राहतो. बंदरातील टॅक्सीवाला, खाणावळ, काजू किंवा कोकम विकणारी बाई यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. जहाज बंदरात किती तास थांबते, सहली कोण आयोजित करते, जहाजावरची रसद कुठून घेतली जाते यावर किनाऱ्याचा फायदा ठरतो. टर्मिनल बांधताना या अटी बोलल्या गेल्या नाहीत, तर गर्दी किनाऱ्याच्या वाट्याला आणि कमाई जहाजाच्या वाट्याला येईल.

प्रवाशाने काय तपासावे, याचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. वर्गाचे शुल्क पॅकेजमध्ये आहे की वेगळे, सेवा शुल्क किती, पेये किती आणि माप केवढे, मद्याशिवाय सहभागी होता येते का, हे चार प्रश्न नोंदणीपूर्वी विचारावेत. वर्गाआधी जेवण आणि मध्ये पाणी हवेच. आणि शिकवणाऱ्या बारटेंडरचे काम आवडले, तर त्याचे नाव अभिप्रायात जरूर लिहावे. पुढचा करार मिळताना त्या ओळीचा त्याला उपयोग होऊ शकतो.