गोठ्यांतील भांडवल

दुभतें जनावर घेतांना आमचे व्यापारी कास पाहतात, दांत पाहतात, जात विचारतात. तें कोणत्या गोठ्यांत बांधलें जाणार, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. वास्तविक गाय किंवा म्हैस किती वर्षें दूध देईल, हें पुष्कळ अंशीं याच गोष्टीवर ठरतें.

मुंबईच्या जुन्या तबेल्यांचेंच पाहा. रोहतकाकडील मुऱ्हा, काठेवाडच्या जाफराबादी अशा निवडक म्हशी नुकत्या व्यालेल्या शहरांत आणावयाच्या, एक वेत दूध काढावयाचें, आणि आटल्या कीं कसाईखान्याकडे रवाना करावयाच्या, असा क्रम वर्षानुवर्षें चाले. म्हैस फळविण्याची खटपट क्वचितच होई. कारण भाकड काळांत तिला शहराच्या भावानें चारा घालण्यापेक्षां दुसरी आणणें स्वस्त पडे. रेडकांचें काय होई, तें न लिहिलेलेंच बरें. पांच-सहा वेत देण्याजोग्या म्हशी अशा निवडून संपविल्या गेल्या. हा तोटा तबेलेवाल्याच्या वहींत दिसला नाहीं. तो मुलुखाच्या वाणावर पडला. १९४९ सालीं गोरेगांवनजीक आरे येथें दूधवसाहत स्थापन झाली, ती म्हशींना शहराच्या दाटींतून बाहेर काढण्याकरितां.

परंतु जागा प्रशस्त झाली म्हणजे काम झालें असें नव्हे. अमेरिकेसारख्या देशांतही होल्स्टीन गाय सरासरीनें तीनेक वेतांतच कळपांतून काढली जाते, आणि त्याचें कारण बहुधा म्हातारपण नसतें. गाभ न धरणें, दगडी व लंगडेपणा हीं कारणें मुख्य. त्यांचीं मुळें पुष्कळशीं गोठ्यांतच सांपडतात. सदा ओल्या फरशीवर खूर कुजतात, कासेला घाण लागते; विण्यापूर्वीं दोन महिने दूध बंद न केल्यास कासेस विसावा मिळत नाहीं. म्हशीचा माज तर मुका. पाहणारा नसला कीं एकवीस दिवस फुकट गेले.

कोणी म्हणेल, भाकड जनावर कोणी पोसावें? पण वेळेवर फळलेली म्हैस भाकड नव्हे, गाभण असते. शिवाय पारडीस पहिल्या वेतापर्यंत तीन-चार वर्षें पोसावें लागतें. तो खर्च पहिल्याच वेतांत क्वचित् फिटतो, आणि दूध शिगेस पोंचतें तें तिसऱ्या-चौथ्या वेताच्या सुमारास. ऐन त्या वेळीं जनावर काढणें म्हणजे मुद्दल वसूल होतांच दुकानास टाळें ठोकणें होय.

म्हणून आमची सूचना अशी, कीं नव्या म्हशीसाठीं कर्ज देणाऱ्या पतपेढ्यांनीं गाभण म्हशीच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या वैरणीसाठींही उचल द्यावी, आणि प्रत्येक जनावराच्या वेतांची, माजाची व दुखण्याची नोंद गोठ्यांत टांगलेली असावी. गिऱ्हाइकानेंही दुधाचा भाव विचारतांना ती एकदां पाहण्यास मागावी.