पाचव्या सेटला टायब्रेक नको!

“सर, सिंपल आहे. सहा-सहा झालं की टायब्रेक. दहा पॉइंट्स. विषय संपला!”

मेसमध्ये समोर बसलेल्या टी.ई.च्या एका मुलाने आमटीत पोळी बुडवता बुडवता माझ्या एका जुन्या दुखण्याचा असा निकाल लावला. विषय विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा होता. फायनलच्या पाचव्या सेटला टायब्रेक नसावा, या मताचा मी. असलाच पाहिजे, या मताचा तो. ताट उचलून ठेवेपर्यंत मला काही धड उत्तर सुचलं नाही. रूमवर आल्यावर मात्र एकेक मुद्दा आठवायला लागला. ओरलमधून बाहेर पडल्यावर सगळी उत्तरं आठवतात ना, अगदी तस्सं! म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना टेनिसमधलं फारसं कळत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी थिअरी. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा, अटेंडन्स कापणार नाही.) टेनिसमध्ये एक गेम तुझी सर्व्हिस, एक गेम माझी. ज्याची सर्व्हिस त्याचं पारडं जड, आणि गवतावर तर फारच जड. विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. त्यावर चेंडू कमी उसळतो आणि सपकन पुढे सरकतो. समोरच्याला रॅकेट मागे न्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं, म्हणजे ‘ब्रेक’ मिळवणं, ही गवतावरची सगळ्यात महाग गोष्ट. टायब्रेक नसेल तर सेट घ्यायला दोन गेमची आघाडी लागते, म्हणजे ब्रेक मिळवल्याशिवाय सुटका नाही. टायब्रेकमध्ये मात्र समोरच्याच्या सर्व्हिसवरचे एक-दोन पॉइंट हाती लागले की काम भागतं.

पूर्वी कुठल्याच सेटला टायब्रेक नव्हता. १९६९ साली विम्बल्डनवर ४१ वर्षांचा पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल ११२ गेम खेळले, तेही दोन दिवस. पहिलाच सेट २२-२४! अशा प्रकारांना आळा घालायला १९७१ मध्ये विम्बल्डनने टायब्रेक आणला. पण शेवटचा सेट मोकळा ठेवला. तो २०१८ पर्यंत मोकळाच होता. २०१९ ला १२-१२ वर टायब्रेक आला आणि २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये ६-६ वर दहा पॉइंटांचा. संपली थिअरी.

आता प्रॅक्टिकल.

६ जुलै २००८, रविवार. मी तेव्हा याच हॉस्टेलमध्ये, एस.ई.ला. टीव्ही हॉलमध्ये चाळीसेक पोरं, निम्मी फेडररची, निम्मी नदालची. मी फेडररचा. २००३ ते २००७ सलग पाच वेळा जिंकलेला आपला माणूस सहाव्यांदा जिंकणार याची मला खात्री होती. मॅच आपल्याकडच्या सात वाजता सुरू झाली आणि नदालने पहिले दोन सेट ६-४, ६-४ असे खिशात घातले. मग लंडनचा पाऊस. तेव्हा सेंटर कोर्टवर छप्पर नव्हतं (ते २००९ ला आलं), त्यामुळे ताडपत्री ओढलेल्या कोर्टाकडे बघत आम्ही तासभर नुसते बसून राहिलो.

टीव्ही हॉल बंद करायची वेळ अकराची. रेक्टर सर आले, दारातूनच म्हणाले, “किती राहिलंय?” आम्ही एका सुरात, “सर, एकच सेट!” हे खोटं होतं असंही म्हणता येत नाही, कारण किती राहिलंय ते आम्हाला तरी कुठे माहीत होतं? सर स्कोअर बघायला म्हणून जे मागच्या बाकावर टेकले, ते उठलेच नाहीत. फेडररने तिसरा सेट टायब्रेकवर घेतला. चौथ्याच्या टायब्रेकमध्ये तर नदालचे दोन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून तोही घेतला, १०-८. हॉलमध्ये जो आवाज झाला, तो लेडीज हॉस्टेलपर्यंत गेला म्हणतात.

पाचवा सेट. २-२ वर पुन्हा पाऊस. पुन्हा खेळ. ६-६ झालं, कुणी जागचं हललं नाही. ७-७ ला नदालने फेडररची सर्व्हिस तोडली आणि पुढचा गेम घेऊन ९-७ ने मॅच जिंकली. नुसता खेळच ४ तास ४८ मिनिटांचा. तिकडे अंधारून आलेलं, इकडे पावणेदोन वाजलेले. रेक्टर सर उठले, काही न बोलता स्वतःच्या हाताने टीव्ही बंद करून गेले.

आता आजचा नियम लावून बघा. ६-६ ला टायब्रेक झाला असता. त्या रात्रीचे दोन्ही टायब्रेक फेडररने जिंकले होते. कदाचित तिसराही जिंकला असता आणि मी नाचलो असतो. पण आज इतक्या वर्षांनी सांगतो, मला तो विजय नको आहे. नदाल जिंकला तो समोरच्याची सर्व्हिस तोडून, सगळ्यात महाग गोष्ट रोख मोजून. हरल्यावर मी दोन दिवस धड जेवलो नाही, पण “असं झालं असतं तर” म्हणायला जागाच उरली नाही. हिशेब पूर्ण झाला होता.

याउलट २०१९ ची फायनल. पुन्हा फेडरर, समोर जोकोविच. फेडररने एकूण २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. गेम ३६ विरुद्ध ३२. ब्रेक ७ विरुद्ध ३. आणि मॅच कुणी जिंकली? जोकोविचने, तिन्ही टायब्रेक घेऊन. शेवटचा टायब्रेक १२-१२ वर. सिंगल्समध्ये हा नवा नियम लागू झालेली विम्बल्डनची ती पहिलीच मॅच.

आमच्या टी.ई.वाल्याचं म्हणणं, “सर, म्हणजे तुम्हाला द्राक्षं आंबट!” अर्धं कबूल. फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असा होता, सर्व्हिस त्याचीच, हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट. हातातोंडाशी आलेला घास त्याने स्वतः घालवला, नियमाने नाही. आणि तीन-तीन टायब्रेक जिंकायला जे काळीज लागतं ते जोकोविचकडे होतं, हे न मानणं कोतेपणाचं. पण २००८ चा पराभव मी पचवला आणि २०१९ चा अजून घशाशी येतो, त्याचं कारण मला इथेच सापडतं. एक निकाल झिजून झिजून लागला, दुसरा वेळ भरल्यावर लावला.

झिजण्यावरून आठवलं. मेकॅनिकलवाल्यांना फटीग टेस्ट माहीत असेल. सळईवर एकदाच भार टाका, काही होत नाही. तोच भार हजारो वेळा टाका, कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी भेग पडते आणि एका क्षणी सळई तुटते. मटेरिअल खरंच काय आहे ते तेव्हा कळतं. याचं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात निर्दय उदाहरण म्हणजे २००९ ची फायनल, फेडरर विरुद्ध अँडी रॉडिक.

रॉडिकने त्या दिवशी ३८ गेम सर्व्हिस केली. पैकी पहिले ३७ गेम फेडररला एकदाही ब्रेक मिळाला नाही. पहिला सेट रॉडिकचा. दुसऱ्याच्या टायब्रेकमध्ये तो ६-२ ने पुढे होता, म्हणजे चार सेट पॉइंट, आणि ते चारही गेले. पाचव्यात ८-८ ला फेडररच्या सर्व्हिसवर १५-४० मिळाले, तेही गेले. फेडररच्या ५० एस सहन करून तो १०-१०, १२-१२, १४-१४ असा टिकून राहिला. दरवेळी मॅच वाचवण्यासाठी सर्व्हिस करायची, दरवेळी वाचवायची. १४-१५ ला अडतिसावा गेम आला आणि सळई तुटली. १६-१४. मॅचमध्ये एकूण ७७ गेम. रॉडिकचे ३९, फेडररचे ३८. एक गेम जास्त जिंकून माणूस हरला! फेडररचं ते पंधरावं ग्रँड स्लॅम, सॅम्प्रसचा १४ चा विक्रम मोडणारं, आणि सॅम्प्रस स्वतः बघायला बसलेला. तरी मॅच संपल्यावर सेंटर कोर्ट रॉडिकच्या नावाने ओरडत होतं. मी फेडररवाला असून त्या रात्री मला जिंकल्याचा आनंद नीट झालाच नाही. रॉडिक कधीच विम्बल्डन जिंकला नाही. पण त्या शेवटच्या तीस गेममुळे तो हरलेला असूनही मोठा झाला. ६-६ ला टायब्रेक असता तर हे तीस गेम आपल्याला कुठून दिसले असते?

आता समोरच्याची बाजू. ती मजबूत आहे, उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

२०१० साली इस्नर आणि माहू पहिल्याच फेरीत भेटले. तीन दिवस, ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८! ४७-४७ झाल्यावर कोर्टवरचा स्कोअरबोर्ड बंद पडला, कारण त्याच्या पुढचा आकडा लागेल असं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटलंच नव्हतं. (कॉम्प्युटरच्या मुलांनो, बाउंड्री कंडिशन तपासा म्हणून तुमचे सर उगाच सांगत नाहीत.) इस्नर जिंकला आणि पुढच्या फेरीत ६-०, ६-३, ६-२ असा गारद झाला. २०१८ च्या सेमीफायनलमध्ये हाच इस्नर अँडरसनकडून २६-२४ ने हरला, ६ तास ३६ मिनिटांनी. दुसरी सेमीफायनल त्यामुळे इतकी उशिरा सुरू झाली की ती दुसऱ्या दिवशी संपवावी लागली. जिंकलेल्या अँडरसननेच नियम बदलायला हवा असं म्हटलं, आणि फायनलमध्ये तो जोकोविचपुढे तीन सेटमध्ये हरला. माणसाचं शरीर म्हणजे लॅबमधली सळई नाही. आपल्या करमणुकीसाठी कुणाला तरी इतकं पिळून काढणं, आणि त्याची पुढची मॅच आधीच हरवून टाकणं, हा न्याय नव्हे. इथे माझी बोलती बंद होते.

म्हणूनच माझी मागणी लहान आहे. पहिल्या फेरीपासून सेमीफायनलपर्यंत खुशाल टायब्रेक ठेवा. फक्त फायनलचा पाचवा सेट मोकळा सोडा. फायनलनंतर कुणाला पुढची मॅच खेळायची नसते, त्यामागे कुणी ताटकळत नसतं. आता छप्पर आहे, दिवे आहेत, रात्री ११ पर्यंत खेळता येतं. तरीही नाहीच संपलं तर सोमवार आहे की! २००१ ची फायनल पावसामुळे सोमवारीच झाली होती. तीन फायनल हरलेला, १२५ व्या रँकिंगचा, वाइल्ड कार्डवर आत आलेला इव्हानिसेविच पॅट रॅफ्टरविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ९-७ ने जिंकला. सोमवार असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

“पण सर, २०२५ ची पॅरिसची फायनल?” हाही प्रश्न मेसमध्ये आलाच. अल्काराझने सिनरचे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले आणि साडेपाच तासांनी पाचव्या सेटचा टायब्रेक १०-२ ने घेतला. मॅच अप्रतिम, टायब्रेकही अप्रतिम. पण मला विचाराल तर पंगतीत जिलबी यायच्या आधीच उठवल्यासारखं वाटलं. ते दोघं पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या फायनलला पुन्हा भेटले आणि सिनर चार सेटमध्ये जिंकला. २०२२ ते २०२५ या चारही वर्षांत विम्बल्डनची पुरुषांची फायनल शेवटच्या टायब्रेकपर्यंत पोचलीच नाही. म्हणजे फायनलपुरता नियम मोकळा ठेवला असता, तर या चार वर्षांत कुणाचं एक मिनिटही जास्त गेलं नसतं. मग घाबरताय कशाला?

टायब्रेक वाईट असं माझं मुळीच म्हणणं नाही. १९८० च्या फायनलमध्ये बोर्ग आणि मॅकेन्रोचा १८-१६ चा टायब्रेक जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बघा, अंगावर काटा येतो. पण तो चौथ्या सेटचा होता. बोर्ग तो हरला, आणि तरी त्याच्यासमोर एक मोकळा सेट शिल्लक होता. तो त्याने ८-६ ने घेतला. टायब्रेक हरलेल्याला सावरायला जागा होती, एवढाच माझा मुद्दा.

त्या टी.ई.वाल्या मुलाला माझं आमंत्रण आहे. पुढच्या फायनलच्या रविवारी मोबाइल रूमवर ठेवून टीव्ही हॉलमध्ये ये. हॉल बंद करायची वेळ अजूनही अकराचीच आहे. पण पाचवा सेट लागलाच तर मी दारातून “किती राहिलंय?” विचारीन, आणि तुम्ही काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

– एक माजी हॉस्टेलाइट
(सध्या असिस्टंट रेक्टर, यंत्र अभियांत्रिकी विभाग)