भाषेचं कौतुक पुरे, आता सांगितलेलं ऐका!

गेल्या वर्षी बिदर, भालकी, कलबुर्गी असा फिरून आलो. आल्यावर एका मडगावकर मित्राला सांगितलं, की पंडिता रमाबाईंनी 1912 च्या सुमारास गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, लेक मनोरमाबाईंच्या मदतीने ख्रिस्ती शाळा काढली होती. मित्र खूश! म्हणाला, "बघ, आपली मराठी कुठवर पोचली होती!"

माझं डोकंच फिरलं. अरे, त्या मायलेकी तिथे काय मराठीचा झेंडा रोवायला गेल्या होत्या?

पण दोष एकट्या मित्राचा नाही. आम्ही गोमंतकीय मराठीवाले हेच करत आलोय. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापलं गेलं. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्याला पाठ. व्यासपीठ दिसलं की म्हणून दाखवायच्या! उरलेल्या जवळपास अकरा हजार ओव्यांत काय आहे, असं विचारा. सगळे गप्प. साष्टीतल्या नवख्रिस्तींनी ऐकावं आणि तसं जगावं म्हणून त्या माणसाने ते लिहिलं. आम्ही मात्र त्याला मराठीचं प्रशस्तिपत्रक करून टाकलं.

रमाबाईंचंही तेच. बायबल मुळातून आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अनेक वर्षं खपून सोप्या मराठीत भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये ग्रंथ बाहेर आला. एवढा सोपेपणाचा अट्टहास का? मला एकच कारण दिसतं. शब्द कळला नाही, ही सबब कुणाला राहू नये.

आणि तो शब्द काय मागतो? याकोबाचं पत्र उघडा. नुसतं ऐकून जो तसा वागत नाही, तो स्वतःलाच फसवतो, असं तिथे स्पष्ट आहे. पुढच्याच अध्यायात सभेत श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांची खरडपट्टी आहे. आता सांगा, आपल्या गोव्यात बामण-चारडो-सुदीर हे शब्द इगर्जीच्या पायरीवर गळून पडले का? लग्न जुळवताना विचारून बघा.

उलट बिदरकडे बघा. तिथले बरेच ख्रिस्ती मूळचे दलित. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्म बदलला की अनुसूचित जातीचा दर्जा जातो. 1956 ला शिखांना आणि 1990 ला बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्तींना आजही नाही. म्हणजे तिथल्या गरिबाने हा शब्द उघडपणे मानला, तर दाखल्यावर किंमत मोजावी लागते. आम्हाला काय मोजावं लागतं? टाळ्या वाजवायच्या फक्त!

कुणी म्हणेल, तू हिंदू, तुला ही उठाठेव कशाला? बरोबर, मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. पण ज्याला लोक देवाचा निरोप मानतात, त्याचं नुसतं अक्षर सुंदर आहे म्हणून पाकीट न फोडता भिंतीवर लावणं, हा आदर नव्हे. पाकीट फोडा. पटलं नाही तर भांडा. पटलं तर मात्र सुटका नाही, वागावं लागेल.

ख्रिस्ती वाचकांनो, तुम्हाला तर नाहीच नाही.