अडीच तास कुठे जातात?

भोसरीत प्लास्टिक मोल्डिंगच्या शॉपवर प्लॅनिंग बघतो, एकोणीस वर्षं. कुठल्या मशीनवर कुठला साचा कधी चढणार, हे सकाळी फळ्यावर लिहितो आणि दुपारी पुसतो.

सारख्या कामांचे लॉट लावावेच लागतात. तळणीच्या तेलात आधी कुरडया, शेवटी बोंबील. तसंच आमच्याकडे आधी पांढरा, मग पिवळा, लाल आणि सगळ्यात शेवटी काळा. क्रम उलटला की बॅरल कितीही धुतलं तरी पांढऱ्या झाकणावर काळी रेघ उमटतेच.

माझं भांडण आहे ते ‘साचा चढलाच आहे, तर काढून ठेवा दोन महिन्यांचं’ या सवयीशी. मागणी बाराशे झाकणांची होती, आम्ही आठ हजार काढली. पुढच्याच महिन्यात ग्राहकानं ड्रॉइंग बदललं; उरलेली झाकणं ग्राइंडरमध्ये. ती निघत होती तेव्हा त्याच मशीनसाठी दुसऱ्याचे तीनशे नग खोळंबले होते. ते कोणाच्या हिशेबात?

शेठ म्हणतात, साचा बदलायला अडीच तास जातात, छोटा लॉट परवडत नाही. एकदा घड्याळ घेऊन उभा राहिलो. क्रेन मोकळी होईना, वीस मिनिटं. पाण्याच्या नळीचा निपल सापडेना, पंचवीस. मटेरियल ड्रायरमध्ये उशिरा पडलेलं, आणखी पंचवीस. पहिला नग पास करणारे क्वालिटीवाले जेवायला गेलेले, अर्धा तास. साचा उतरवून दुसरा चढवणं? पन्नास मिनिटं!

एका वेळी किती नग काढावेत याचं सूत्र अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच मांडलं. सूत्र चोख आहे, पण मशीनवरचं काम बदलण्याचा खर्च त्यात ठरलेला धरतात. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी त्या खर्चालाच हात घातला. टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागायचे. १९६९ मध्ये त्यांनी काम हाती घेतलं, आधी दीड तासावर आणलं, मग तीन मिनिटांवर. मशीन चालू असताना जे उरकता येतं, त्यासाठी मशीन थांबवायचं नाही, एवढीच मुख्य गोष्ट.

आमच्याकडे आता शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर आलंय. त्यात बदलाचा वेळ १५० मिनिटं भरलाय, त्यामुळे तेही बिचारं मोठेच लॉट सुचवतं.

मी चाकांची एक ट्रॉली मागितली आहे: वर निपल, पाने, क्लॅम्प, सगळं जागच्या जागी. मंजुरी अडकलीय. नव्या मशीनचं कोटेशन मात्र येऊन पडलंय.