डाव्या हाताचा ग्लोव्ह

तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला त्या आठवड्यात आमचे सिरोंच्याला जाणे झाले. एका नातलगाकडे घरभरणी होती. जेवणे झाल्यावर शेजारच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. हातात शाळेची वही. जयभीम झाला आणि त्यांनी वही आमच्यापुढे ठेवली. "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला माहीत असंल. चाळीस हजार द्यावं की नाही, तेवढं सांगा."

मुलगी दहावीची परीक्षा दिलेली, सॉफ्टबॉल खेळणारी. आमच्यापैकी बऱ्याच वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल. नाव सॉफ्ट असले तरी चेंडू काही मऊ नसतो. बेसबॉलपेक्षा तो मोठा, बारा इंच घेराचा असतो आणि हात खालून फिरवून टाकावा लागतो. एका बाजूला नऊ खेळाडू, सात डाव. १८८७ साली शिकागोत हा खेळ जन्माला आला, तोही एका सभागृहात, आणि आज आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत खेळला जातो. ही मुलगी चेंडू टाकते, तोही डाव्या हाताने.

आता डावखुरेपणात खर्च कसला, असे आम्हालाही वाटले. पण ऐका. शाळेकडे नऊ ग्लोव्ह आहेत. एक संघ फलंदाजीला गेला की तेच ग्लोव्ह दुसऱ्या संघाच्या हातात जातात, म्हणजे नवांत अठरा मुलींचे भागते. पण उजव्या हाताने फेकणारीचा ग्लोव्ह डाव्या हातात बसतो, डावखुरीला तो उजव्या हातात लागतो. तसा शाळेकडे एकही नाही. दोन वर्षे ही पोर उलटा ग्लोव्ह कसाबसा घालून खेळली.

वहीत आईने गेल्या हंगामाचा हिशेब मांडलेला होता. सिरोंच्याहून गडचिरोली २०० किलोमीटरच्या वर, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. आलापल्लीपर्यंतच्या रस्त्याच्या खड्ड्यांविषयी इतके लिहून झाले आहे की आम्ही भर घालत नाही. एवढेच सांगतो की शालेय सामने नेमके पावसाळ्यात सुरू होतात. जिल्ह्याचे सामने, मग विभागाचे. मुलीला एकटी कशी पाठवायची, म्हणून आई सोबत. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, ते वहीत बरोबर उतरलेले दिसले. बाप गेला त्या खेपेला मात्र पूर्ण. एकदा रस्ता बंद होता म्हणून गोदावरीच्या पुलावरून काळेश्वरमला उतरून, मंचेरियालला जाऊन रेल्वे धरली. त्या बाजूच्या बसमध्ये तेलंगणातल्या बायकांना डिसेंबर २०२३ पासून तिकीट नाही, पण आधार कार्ड तिथले लागते. "बोली एकच, नातीगोती एकच, पण तिकीट मलाच," बाई हसून म्हणाल्या. प्रवास, दोन ठिकाणचे मुक्काम, बाहेरचे जेवण, स्पाइकचे बूट असे सारे मिळून सात हजार चारशे. त्यात बुडालेली मजुरी धरलेली नव्हती. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, ती कुठं लिहितात का.

आणि आता हे चाळीस हजार. विभागाचे सामने संपल्यावर नागपूरच्या मैदानावर एक गृहस्थ भेटले. आपली अकादमी आहे म्हणाले. वर्षाचे चाळीस हजार भरा, सराव देऊ, किट देऊ, राज्य स्पर्धेत खेळवू, प्रमाणपत्र मिळेल, मग पाच टक्क्यांतून पोलिसात नोकरी पक्की. मुलीच्या बापाला ते पटले होते. तेंदूपत्त्याचे आणि मिरची तोडणीचे मिळून पैसे हातात होते, उरलेल्यासाठी बाईंच्या कानातले.

आमचे एक स्नेही अमेरिकेत न्यू जर्सीला आहेत. त्यांची मुलगीही हाच खेळ खेळते, म्हणून आम्ही तिथली हकीकत या मायलेकींना सांगितली. तिकडे शाळेच्या संघापलीकडे खासगी संघ असतात. दर शनिवार-रविवारी नव्या गावी स्पर्धा, मोटारीचा प्रवास, हॉटेल, वेगळा प्रशिक्षक. वर्षाला हजारो डॉलर सहज जातात. आईबाप ते कशाच्या आशेवर देतात? महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीच्या. मोठ्या महाविद्यालयांच्या पहिल्या श्रेणीत एका सॉफ्टबॉल संघाला कैक वर्षे फक्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या बाराच वीस-बावीस मुलींत तुकडे करून वाटल्या जात. २०२५ पासून नव्या करारात सामील झालेल्या महाविद्यालयांना शिष्यवृत्त्यांऐवजी संघातील संख्येची, २५ खेळाडूंची, मर्यादा आली. पूर्वी तर आठवी-नववीतल्या पोरींना प्रशिक्षक तोंडी शब्द देऊन ठेवीत. शेवटी २०१८ साली नियम करावा लागला की अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी असे बोलणे करायचे नाही. आमचे स्नेही म्हणतात, जेवढा खर्च झाला तेवढी फी सरळ भरली असती तर बरे झाले असते. अर्थात त्यांची ऐपत आहे. चुकले तर हॉटेलचे बिल चुकले. इथे चुकले तर कानातले जातात.

बाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "तिकडंबी पैसेवाल्याचंच खेळ का मग?"

या प्रश्नावर आम्हाला पळवणकर बाळू आठवले. १८७६ साली जन्मलेला हा चर्मकार समाजातला मुलगा पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करी, महिना चार रुपयांवर. चेंडू हजारो टाकले, पण बॅट कोणी हाती दिली नाही. पुढे हिंदू संघात घेतले तेव्हा चहा वेगळा, मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे शिक्षण फुकट झाले असे कोणी म्हणू नये. त्याची किंमत त्यांनी रोज अपमान गिळून दिली होती.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, हेही आपल्याच भागात दिसले आहे. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची पाच मुले-मुली एव्हरेस्टवर चढली. आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्यमधून त्यांचे प्रशिक्षण झाले, आईबापांना वही घालावी लागली नाही. पॅरिसला २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक आणणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळेही शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. पण प्रबोधिनीची निवड लहान वयात होते, आणि सिरोंच्यातल्या किती पालकांना तिचा अर्ज कधी निघतो हे कळते? आम्ही त्या अंगणात विचारले. एकानेही मान हलवली नाही.

मग पाच टक्क्यांचे. हे आरक्षण खोटे नाही, खरे आहे. २००५ साली त्याचा शासन निर्णय झाला, १ जुलै २०१६ ला सुधारित नियम आले. पण नुसते प्रमाणपत्र घेऊन कोणी नोकरी देत नाही. तो खेळ, ती स्पर्धा आणि ती संघटना नियमात बसते का हे पाहतात, पद जितके वरचे तितकी कामगिरी वरच्या पातळीची लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. मध्यंतरी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजली. त्यात पैसे घेणारे होते तसे देणारेही सापडले, आणि देणाऱ्यांची मिळालेली नोकरीही धोक्यात आली. राज्य स्पर्धेत "खेळवू" असे जो आधीच सांगतो, तो निवड चाचणीचे काय करणार आहे, हा साधा प्रश्न. आम्ही बापाला म्हटले, त्या गृहस्थांना फोन लावा आणि पावती मिळेल का, संघटनेची मान्यता कोणाची, एवढे दोनच प्रश्न विचारा. फोन लागला. मान्यतेचे भेटल्यावर बोलू, असे उत्तर आले. पावतीचे उत्तर आलेच नाही.

बाप गप्प बसला. त्याच्यावर आम्हाला राग धरता येईना. पोरीची नोकरी ही त्याला एवढ्या एका वाटेने दिसत होती, ती आम्ही बुजवली. दुसरी कोणती दाखवणार? आम्ही स्वाधार योजनेचे सांगितले. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर, अटी पुऱ्या होत असल्यास, जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपयांपर्यंत आणि नागपूर-पुण्यासारख्या शहरांत ६०,००० पर्यंत मिळतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते आतापासून तयार ठेवा म्हटले. अकरावीला गडचिरोलीला राहिली तर निम्मा प्रवास तसाच वाचतो, आणि १९ वर्षांखालच्या गटात तिला अजून खेळता येते. पुढे गोंडवाना विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहेच.

हे सगळे बोलणे चालले असताना पोर दाराशी उभी होती. तिला कोणी काही विचारलेच नव्हते. आमच्याही ध्यानात उशिरा आले. विचारले तेव्हा म्हणाली, "नोकरीचं मला माहीत नाही. मला ग्लोव्ह पाहिजे."

कानातले राहिले. तेंदूपत्त्याच्या पैशातून बाईंनी दोन हजार काढून आमच्या हातात दिले. आम्ही नको म्हटले, त्यांनी ऐकले नाही. नागपुरात तिसऱ्या दुकानात वस्तू मिळाली. डावखुरीसाठी, म्हणजे उजव्या हातात घालायचा, हे दुकानदाराला तीनदा समजावावे लागले आणि तरी त्याने पहिल्यांदा उलटाच काढला. एकशे साठ रुपये उरले, ते पुडक्यात घालून अहेरीपर्यंत जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले आहेत. वहीत जमा धरावेत.