विश्लेषण : पऱ्हाटीतील साखर इंधन का होत नाही?

कापसाचा हंगाम संपला की फुलसावंगीसह यवतमाळ जिल्ह्यातील शेतांत पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, बरीच जाळली जाते. या काड्यांत साखर दडलेली असते. ती सोडवणाऱ्या विकरांवर, म्हणजेच एन्झाइमवर, पुण्यात अनेक वर्षे संशोधन झाले. मग अडते कुठे?

विकरे काय करतात?

सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज ही कर्बोदके म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. सेल्युलेज हे विकर सेल्युलोज तोडते, तर झायलनेज हेमिसेल्युलोजमधील झायलन तोडते. सुटलेली साखर आंबवून इथेनॉल मिळते.

पुण्यातील संशोधन कोणते?

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील जैवरसायनशास्त्रज्ञ माला राव यांनी या विकरांवर दीर्घकाळ काम केले. न्युरोस्पोरा क्रासा ही बुरशी सेल्युलोजपासून थेट इथेनॉल बनवू शकते, हे त्यांनी व वासंती देशपांडे आदी सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. पुढे १९९६ मध्ये बॅसिलस जिवाणूचे झायलनेज उसाच्या चिपाडाच्या लगद्यावर वापरून पाहिले गेले. झायलन सुटले की लगदा पांढरा करण्यास क्लोरीन कमी लागते. झायलनेजवरील त्यांचा सहलेखकांसोबतचा आढावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण कुठे आहे?

हरयाणातील पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर, म्हणजे टनामागे सुमारे १५० लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. पऱ्हाटी मात्र लाकडासारखी टणक. तिच्यातील लिग्निन विकरांना साखळीपर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे आधी वाफ, आम्ल यांची खर्चिक प्रक्रिया करावी लागते आणि विकरांचा खर्च वेगळा. त्यात पऱ्हाटी उपटणे, तुकडे करणे, विखुरलेल्या शेतांतून वाहून नेणे आलेच. याउलट मळीत साखर तयारच असते.

शेतकऱ्याचा फायदा कशात?

पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. पण उपटण्याची मजुरी आणि वाहतूक वजा जाता हातात काही उरले, तरच शेतकरी ती विकेल. साखळी कशी तोडायची, हे विज्ञानाला ठाऊक आहे. प्रश्न आता पऱ्हाटीच्या भावाचा आहे.